धरसोड

डहाणू तालुक्यातल्या चिंचणी, वाणगाव, वरोर या पट्ट्यात डायमेकिंगचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी कोरायची, ठोकळ्याला पाणी द्यायचे आणि मग त्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा दाबून फूल, पान, मोर उठवायचा. सराफाच्या काचेमागे दिसणारे हलक्या वजनाचे कित्येक दागिने आधी असे पोलादात, खोलगट आणि उलटे घडतात. कारागीर भिंगाखाली वाकलेला असतो. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत छिन्नी. या कामात नक्षीच्या आधी शिकावे लागते ते छिन्नी धरणे. आवळून धरली तर बोटे भरून येतात आणि रेघ थरथरते. सैल धरली तर छिन्नी घसरते आणि ठोकळा वाया जातो.

आता या कामात संगणकाच्या हुकमाने चालणारी सीएनसी यंत्रे आली आहेत. छिन्नीच्या जागी बारीक टोकाचे बिट फिरते. त्या तीन बोटांच्या जागी स्पिंडलच्या, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्याच्या, तोंडाशी करंगळीच्या पेराएवढे एक पोलादी नळकांडे बसते. उभ्या चिरा पाडलेले, स्प्रिंगसारखे आत दबणारे आणि सोडल्यावर पुन्हा उमलणारे. हे कॉलेट.

घरी हौसेने छोटे सीएनसी यंत्र घेणारा माणूस स्पिंडलचे वॅट बघतो, टेबलाची लांबीरुंदी बघतो, सॉफ्टवेअरवर रात्री घालवतो. कॉलेट मात्र यंत्राबरोबर जे येईल तेच वापरतो. तीनशे बाय एकशे ऐंशी मिलिमीटरच्या लोकप्रिय ३०१८ यंत्रापासून पाण्याने थंड होणाऱ्या दीड-दोन किलोवॅटच्या स्पिंडलपर्यंत सगळीकडे हीच गत आहे. आणि बिघाडाचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते. कारण यंत्र कितीही मोठे असले, तरी ते हत्याराला प्रत्यक्ष धरते त्या इंचभर जागेतच.

धरणे हा मराठीतला साधा शब्द, पण त्याच्या पोटात फार मोठे कुटुंब आहे. संस्कृत ‘धृ’ धातूपासून धारणा आली, आधार आला, धरित्री आली आणि धर्मही आला. जो धरून ठेवतो तो धर्म. हे अनेकांनी शाळेत ऐकलेले असते आणि तिथेच सोडून दिलेले असते. खरा प्रश्न पुढे आहे. धरून ठेवायचे म्हणजे नेमके कसे? जखडणारी साखळीही धरतेच. मग धर्माचे धरणे आणि साखळीचे धरणे यांत फरक कोणता? या प्रश्नाचे उत्तर पोथ्यांत आहे, तसेच डहाणू आणि शेजारच्या तलासरीच्या इतिहासात आहे, आणि त्याचा एक चांगला नमुना त्या पेराएवढ्या कॉलेटमध्येही आहे.

धर्म शब्दाची धारणेवरून केलेली फोड महाभारताच्या कर्णपर्वात येते, आणि ती ज्या प्रसंगात येते तो प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत पडला आहे. अर्जुन त्याला बघायला येतो. कर्णाला न मारताच हा आला, हे कळल्यावर युधिष्ठिराचा तोल जातो आणि ‘ते गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक’ अशा अर्थाचे तो बोलून जातो. अर्जुनाची मनोमन प्रतिज्ञा असते, की गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचे डोके उडवायचे. तो तलवारीला हात घालतो. समोर कोण आहे, हे त्याला दिसत असते. पण शब्द म्हणजे शब्द, अशी त्याची समजूत असते.

कृष्ण त्याला अडवतो आणि कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. नेहमी खरेच बोलायचे, असे या कौशिकाचे व्रत होते. लुटारूंच्या भीतीने काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या झाडीत लपली. लुटारूंनी विचारले, कौशिकाने खरे सांगितले, माणसे मारली गेली. व्रत अखंड राहिले आणि कौशिक नरकात गेला. याच संभाषणात कृष्ण सांगतो, की धर्माला धर्म म्हणतात ते तो प्रजेला धारण करतो म्हणून. पुढचा तोडगाही अस्सल आहे. वडीलधाऱ्याला एकेरीत बोलणे हाच त्याचा वध, तेव्हा युधिष्ठिराला ‘तू’ म्हण आणि मोकळा हो. ज्या भाषेत आजही ‘अहो’चे ‘अरे’ झाले की घरातली बोलणी थांबतात, त्या भाषेच्या वाचकाला हा तोडगा समजावून सांगावा लागत नाही.

अर्जुनाची पकड ढिली नव्हती. ती भलत्याच मध्याभोवती होती. त्याने आपला शब्द घट्ट धरला होता आणि ज्या माणसांसाठी शब्द पाळायचा, ती त्याच्या मुठीबाहेर राहिली होती. वर्कशॉपमधल्या भाषेत सांगायचे तर पकड आऊट होती.

‘आऊट’ हा शब्द कारागिरांचा. फिरणारे बिट आपल्याच मध्याभोवती न फिरता जरा बाजूला फेकले जाते, तेव्हा ते आऊट चालते असे म्हणतात. डोळ्यांना हे दिसत नाही. मिनिटाला चोवीस हजार फेरे, म्हणजे सेकंदाला चारशे; तिथे डोळा काय पाहणार? त्यासाठी डायल गेज लावावा लागतो आणि स्पिंडल हाताने हळूहळू फिरवावा लागतो. समजा काट्याने पाच शतांश मिलिमीटरचा फरक दाखवला. ऐकायला क्षुल्लक वाटते. माणसाचा केसही बहुधा यापेक्षा जाड असतो. पण डायवर बारीक नक्षी कोरणाऱ्या बिटाचे टोक एक दशांश मिलिमीटरचे असेल, तर रेघ दीडपट रुंद होते. मोराच्या पिसाऱ्यातल्या दोन रेघा एकमेकींत मिसळतात. याच फेऱ्यांवर दोन धारांचे बिट मिनिटाला बाराशे मिलिमीटर वेगाने चालत असेल, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला अडीच शतांश मिलिमीटर माल यायला हवा. पाच शतांशाच्या फरकाने एकच धार सगळा माल कापते आणि दुसरी नुसती बरोबर फिरते. मग बिट तुटते आणि दोष बिटाच्या कंपनीला जातो.

कॉलेटची रचना हा दोष टाळण्यासाठीच आहे. हौशी यंत्रांवर सर्वात जास्त दिसते ते ईआर जातीचे कॉलेट. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने ते १९७२ मध्ये आणले आणि पुढे ते जगभर प्रमाण झाले. त्याचे बाहेरचे अंग निमुळते असते, प्रत्येक बाजूला आठ अंशांचा उतार. स्पिंडलच्या तोंडातही तसाच उतार. वरून नट फिरवला की तो कॉलेटला आवळत नाही, फक्त आत ढकलतो. आवळतो तो उतार. सरळ रेषेतला एक धक्का निमुळत्या भिंतीवर पोचतो आणि सगळ्या बाजूंनी सारख्या दाबात बदलतो. चिराही दोन्ही टोकांकडून एकाआड एक पाडलेल्या असतात, म्हणून कॉलेट एकाच तोंडाशी न चिमटता पूर्ण लांबीभर सारखे मिटते. याच्या शेजारी स्वस्तातली दुसरी पद्धत ठेवून बघावी: एका बाजूने बारीक स्क्रू आवळून बिटाचा दांडा धरणे. तिथेही पकड पक्की असते, पण स्क्रू जितका आवळावा तितका दांडा मध्यापासून दूर सरकतो.

तारप्याचा नाच ज्याने पाहिला आहे, त्याला सगळीकडून सारखे धरणे म्हणजे काय हे लगेच कळेल. वारली पाड्यावर तारपा वाजवणारा मधोमध, आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात घातलेल्या माणसांचा फेर. वादक वळला की फेर वळतो. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. फेरात कोणी मोठा नाही, कोणाच्या हाताला जास्त जोर नाही, आणि मध्य ठरवतो तो आत उभा असलेला. धरणारा नव्हे.

या लेखाचे म्हणणे इथे आहे. पकड खरी की खोटी, हे तिच्या जोरावर ठरत नाही. तिचा मध्य कोणता, यावर ठरते. जिथे धरलेल्या वस्तूचा मध्य हाच पकडीचा मध्य असतो, तिथे धारणा होते. जिथे धरणाऱ्याची सोय हा मध्य होतो, तिथे जखडणे सुरू होते. तलासरीच्या मातीने हा फरक पुस्तकात वाचला नाही, अंगावर सोसला.

वारल्यांच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लग्नगडी हा शब्द भेटतो. हे पुस्तक १९७० साली आले, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या कर्जापोटी नवऱ्याने, त्याच्याबरोबर बायकोनेही, आयुष्यभर त्याच्याकडे राबायचे. कर्ज फिटत नसे, कारण ते फिटावे अशी व्यवस्थाच नव्हती. लग्न हा संस्कार. दोन माणसांना, दोन कुळांना धरून ठेवणारा. त्याच संस्काराच्या नावाने माणूस गहाण पडत होता. वरून पाहणाऱ्याला हेही बंधन धर्माचेच वाटले असते: घेतलेले फेडावे, दिलेला शब्द पाळावा. कौशिकही असेच म्हणाला असता. मे १९४५ मध्ये झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा इथे गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी हुतात्मे झाले. वेठबिगार आणि लग्नगडीची चाल मोडली ती या माणसांनी. त्यांनी धर्म मोडला नाही. मध्य सोडून भलतीकडे आवळलेला एक स्क्रू त्यांनी काढून टाकला.

मग जोराला काहीच किंमत नाही का? आहे. मज्झिमनिकायातल्या उपक्किलेस सुत्तात बुद्ध अनुरुद्धाला लावा पक्ष्याचा दाखला देतात. दोन्ही हातांनी आवळून धरला तर लावा जागीच मरतो, फार सैल धरला तर उडून जातो. बोलणे ध्यानाचे चालले आहे, अति खटाटोप आणि अति ढिलाई या दोन दोषांचे. आपल्याकडची म्हण थोडी वेगळी आहे: धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणीतला माणूस अडकलेला आहे. सुत्तातल्या माणसाला मधली पकड शोधायची आहे. ज्याने कधी लावा हातात घेतला असेल त्याला ठाऊक आहे, की ती पकड बोटांनी मापता येत नाही. पक्ष्याच्या अंगाप्रमाणे तळहात होतो तेव्हा ती जमते.

तळहात अंगाप्रमाणे होणे म्हणजे कॉलेटच्या बाबतीत माप. हौशी माणूस सर्वात जास्त चुकतो तो इथे. बाजारात सहा मिलिमीटरचा दांडा मिळतो आणि पाव इंचाचाही, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा. नक्षीची बरीच बिटे इंचाच्या आठव्या भागाची, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरची असतात. ईआर कॉलेट आपल्या मापापेक्षा थोडे मिटू शकते. लहान ईआर-११ मध्ये साधारण अर्धा मिलिमीटर, मोठ्यांत एक मिलिमीटरपर्यंत. म्हणून पाव इंचाच्या कॉलेटमध्ये सहाचा दांडा घालून लोक काम चालवतात. चालते, पण कॉलेट आपल्या मापावर असते तेव्हाच त्याची आतली भिंत दांड्याला पूर्ण टेकते. फार मिटावे लागले की भिंतीच्या कडा तेवढ्या टेकतात. उलट चूक त्याहून वाईट: मापापेक्षा जाड दांडा कॉलेटमध्ये रेटून बसवायचा. असे एकदा केले की ते कॉलेट पुन्हा नीट धरत नाही. यंत्रावर ज्या दोन-तीन मापांची बिटे रोज लागतात, तेवढ्याच मापांची चांगली कॉलेट्स घ्यावीत. पंधरा नगांच्या स्वस्त संचापेक्षा एक शतांश मिलिमीटर किंवा त्याहून कमी फरकाची हमी असलेली तीन कॉलेट्स बरी. हा खर्च बिटे वाचवून निघतो.

दांडा कॉलेटच्या निदान दोन तृतीयांश लांबीपर्यंत आत जायला हवा. नुसत्या तोंडाशी धरला तर कॉलेटचे मागचे अंग रिकाम्या जागेत मिटते आणि पकड घंटेच्या तोंडासारखी पसरते. बिटाची धार मात्र कॉलेटच्या आत जाता कामा नये. आणि बिट न घालता नट कधीही आवळू नये. रिकामी मूठ जोराने आवळली की आपलीच नखे आपल्या तळहातात रुततात. कॉलेटचेही तेच होते, ते कायमचे वाकडे होते. पतंजलीने योगसूत्रांच्या तिसऱ्या पादाच्या आरंभी धारणेची व्याख्या चित्ताला एखाद्या स्थानी बांधणे अशी केली आहे. तिथेही स्थान आधी लागते. कशाला धरायचे ते नसताना नुसतेच धरून बसणे हा हट्ट झाला.

धरण्यावर इतके बोलल्यावर सोडण्याकडे यायला हवे. मराठीत धरसोड हा शब्द निंदेचा आहे. ज्याचे मन ठिकाणावर नाही, तो धरसोड करतो. पण शब्द उलगडून पाहिला तर त्यात दोन क्रिया आहेत आणि दोन्ही करता येणे हे कौशल्य आहे. ईआर नटात एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. नटाच्या आत, जराशी एका बाजूला सरकलेली एक कडी असते. कॉलेट आधी तिरके करून त्या कडीत टक् असा आवाज येईपर्यंत बसवायचे, बिट घालायचे आणि मगच नट स्पिंडलवर चढवायचा. बरेच जण कॉलेट थेट स्पिंडलमध्ये टाकतात आणि वरून नट लावतात. मग बिट आऊट चालते. शिवाय नट काढला तरी कॉलेट आत अडकून बसते, कारण आठ अंशांच्या उतारात घट्ट बसलेले पोलाद आपण होऊन बाहेर येईलच असे नाही. ती कडी त्याला बाहेर ओढते. एकाच नटात ढकलण्याची सोय आहे आणि ओढून काढण्याचीही. ज्याने हे घडवले त्याने धरण्याइतकाच विचार सोडण्याचा केला होता.

धरणे आणि सोडणे यांचा असाच मेळ इथल्या इतिहासातही आहे. डहाणू-तलासरीच्या उत्तर टोकाला बाहरोटचा डोंगर आहे. संजाणवर फौज चालून आली तेव्हा पारशांनी आपला पवित्र इराणशाह अग्नी या डोंगरातल्या गुहेत आणला आणि परंपरेप्रमाणे बारा वर्षे तिथे सांभाळला. पुढे तो वांसदा, नवसारी, सुरत असा फिरत १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला. अग्नी मुठीत धरता येत नाही. रोज लाकूड द्यावे लागते, राख काढावी लागते, रात्री कोणीतरी जागे असावे लागते. संजाणची जागा हाच मध्य मानला असता, तर अग्नी तिथेच विझला असता. त्यांनी जागा सोडली आणि अग्नी धरला.

वारली लग्नातला चौकही असाच. कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी देवचौक काढतात, मधोमध पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाते, लग्न लागते, देवी येऊन जाते. मग चौकाचे काम संपते आणि चित्र भिंतीवर हळूहळू पुसट होत जाते. पुढच्या लग्नाला नवा चौक. १९७० च्या दशकात हीच रेषा भिंतीवरून कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे रोज चित्रे काढू लागले, १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विधी सोडल्यावर ही कला मरेल, असे कोणाला वाटले असेल तर ते खोटे ठरले. आता तोच तारपा आणि तोच चौक सीएनसी यंत्राने एमडीएफच्या पाट्यांवर कोरून विकला जातो. यंत्राने कोरलेला म्हणून तो अपवित्र, असे म्हणणे चुकीचे आहे. पण त्याला चौक म्हणणेही चुकीचे आहे, कारण त्यात देवीला बोलावण्याची आणि निरोप देण्याची जागा नाही. तो एक चांगला अलंकार होऊ शकतो. त्याचा मध्य ढळतो तो वेगळ्या ठिकाणी: नक्षी वारल्यांची आणि पाटीवर वारल्याचे नाव नाही, पैशात त्याचा वाटा नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे ते याच काळजीतून. डहाणू-तलासरीतल्या एखाद्या तरुणाने छोटे यंत्र घेऊन आपल्याच आजीची रेषा कोरली आणि आपल्या नावाने विकली, तर त्या रेषेचा मध्य जागेवर आहे.

कॉलेट हे झिजणारे अंग आहे, हे अशा तरुणाने पहिल्या दिवसापासून धरून चालावे. एमडीएफचा बारीक भुसा चिरांत भरतो, उष्णतेने लाकडातला चीक भिंतीला चिकटतो आणि पकड आऊट जाते. दर वेळी बिट बदलताना कॉलेट, नट आणि स्पिंडलचा आतला उतार कोरड्या स्वच्छ कपड्याने पुसावा, चिरांतला भुसा ब्रशने काढावा. काम संपले की नट सैल करून बिट काढून ठेवावे. आतल्या भिंतीवर ओरखडे किंवा तोंडाशी पसरटपणा दिसला, की ते कॉलेट फेकून नवे घ्यावे. जुने आहे, अजून चालते, म्हणून ठेवू नये.

खंडेनवमीला या भागात हत्यारे आणि यंत्रे धुऊन-पुसून पूजेला मांडतात. या वर्षी यंत्राची पूजा कराल तेव्हा आधी नट उघडा, कॉलेट बाहेर काढा, पुसा आणि ताटात छिन्नीशेजारी ठेवा. हळदकुंकू नटाला बाहेरच्या अंगाने लावा. स्पिंडलच्या आतल्या उतारावर त्याचा कण जाऊ देऊ नका. तिथे अडकलेला एक कणही बिटाला आऊट करतो.